बैलगाडीतून बुद्धगयेकडे : अनागारिक धम्मपालांच्या वाटेने श्रीलंका

मिहिंतलेच्या पायथ्याशी चपला काढल्या तेव्हा सकाळचे साडेसहा वाजले होते. वर जायला १८४० पायऱ्या आहेत असे वाचले होते. गटातल्या दोघांनी त्या मोजायचे ठरवले आणि पाचशेच्या आसपास गप्पांच्या नादात आकडा चुकला. दोन्ही बाजूंना चाफ्याची झाडे, पायाखाली गार दगड. सम्राट अशोकांचे पुत्र महिंद थेर आणि लंकेचा राजा देवानंपिय तिस्स यांची भेट याच डोंगरावर झाली, असे महावंस सांगतो. थेरांनी राजाला आधी आंब्याच्या झाडाबद्दल कोड्यासारखे प्रश्न विचारले, त्याची समज तपासली आणि मगच धम्म सांगितला. आधी प्रश्न आणि मग उपदेश, हा क्रम आम्हाला फार आवडला. आपल्याकडच्या काही व्याख्यात्यांनी एकदा मिहिंतले चढून यायला हरकत नाही.

आम्ही अकरा जण होतो. कुणी वस्तीत अभ्यासिका चालवणारे, कुणी सफाई कामगारांच्या मुलांसोबत काम करणारे, दोघी जणी कायद्याच्या विद्यार्थिनी. सहलीच्या पत्रकावर प्राचीन बौद्ध वारसा आणि ट्रेकिंग असे लिहिले होते. अनुराधपूर, पोलोन्नरुवा, दंबुल्ल, सिगिरिया, कँडी आणि शेवटी श्रीपाद पर्वत. या यादीत एक नाव कुठेच नव्हते. हा वारसा आज आपण पाहू शकतो, बुद्धगयेत जाऊन आपला हक्क मागू शकतो, यामागे ज्या माणसाचे आयुष्य खर्ची पडले त्या अनागारिक धम्मपालांचे. आपल्या विहारांतही त्यांचा फोटो क्वचितच दिसतो. १७ सप्टेंबरला व्हॉट्सअ‍ॅपवर जयंतीचे चित्र येते, आपण हात जोडल्याची खूण टाकतो आणि पुढे सरकतो. म्हणून सहलीचा वृत्तांत लिहिण्याऐवजी आम्ही त्यांचेच चरित्र सांगणार आहोत.

१७ सप्टेंबर १८६४ रोजी कोलंबोच्या पेटा भागात त्यांचा जन्म झाला. वडील डॉन कॅरोलिस हेवावितारणे, मूळचे दक्षिणेकडच्या मातरा भागातले, कोलंबोत फर्निचरचा मोठा व्यापार करणारे. आई मल्लिका. दोघेही श्रद्धावान बौद्ध. पण मुलाचे नाव ठेवले डॉन डेव्हिड. इंग्रजी राज्यात शाळा, नोकरी, प्रतिष्ठा हे सगळे ख्रिस्ती नावाच्या दारातून आत यायचे. नाव बदलल्याशिवाय माणूस म्हणून मोजले जात नाही, हा अनुभव आपल्या घरांमधल्या आजी-आजोबांना वेगळ्या रीतीने माहीत आहेच.

शाळा बहुतेक मिशनऱ्यांच्या. बायबल त्यांनी इतके वाचले की पुढे आयुष्यभर वादविवादात ते त्यांच्या उपयोगी पडले. सेंट थॉमस शाळेत असताना वैशाख पौर्णिमेची सुटी त्यांनी मागितली. ती मिळाली नाही. मुलगा छत्री उचलून सरळ घरी गेला, दिवसभर विहारात थांबला आणि दुसऱ्या दिवशी छड्या खाल्ल्या. पुढच्या वर्षीही तेच. या गोष्टीत हट्ट आहे, पण त्याहून जास्त एक साधा हिशेब आहे. मार बसणार हे ठरलेले, तरी सण आपला आहे.

त्या काळात लंकेत काहीतरी हलू लागले होते. १८७३ मध्ये पानदुरा येथे मिगेट्टुवत्ते गुणानंद थेरांनी पाद्रींशी जाहीर वाद केला होता आणि हजारो लोकांनी तो ऐकला होता. त्याच वर्षी हिक्कडुवे सुमंगल थेरांनी कोलंबोच्या मालिगाकंद येथे विद्योदय पिरिवेण सुरू केले. पानदुऱ्याच्या वादाची बातमी वाचून अमेरिकेतले कर्नल ऑलकॉट आणि मादाम ब्लाव्हाट्स्की १८८० साली गॉलला उतरले आणि त्यांनी पंचशील घेतले. गोऱ्या माणसांनी भिक्खूंसमोर गुडघे टेकले, हे दृश्य इंग्रजी राज्यातल्या सिंहली माणसाला काय वाटले असेल! पंधरा वर्षांचा डेव्हिड भारावून गेला. मार्च १८८३ मध्ये कोटाहेना येथे बौद्धांच्या मिरवणुकीवर कॅथलिक जमावाने हल्ला केला. वडिलांनी मुलाला मिशनरी शाळेतून काढून घेतले. विशीच्या आसपास त्याने डेव्हिड हे नाव टाकले आणि धम्मपाल हे नाव घेतले. वडिलांकडे ब्रह्मचर्याची परवानगी मागितली. थोरला मुलगा दुकान सांभाळेल ही वडिलांची आशा होती, त्यामुळे त्यांना जड गेले. आईने मात्र पाठीवर हात ठेवला.

काही काळ त्यांनी शिक्षण खात्यात कारकुनी केली. १८८६ मध्ये बौद्ध शाळांसाठी निधी जमवायला ऑलकॉट आणि लेडबीटर बेटावर फिरायला निघाले तेव्हा दुभाषा हवा होता. धम्मपालांनी रजा घेतली आणि पुढे नोकरीच सोडली. हा प्रवास बैलगाडीतून झाला. ऑलकॉट यांनी मुद्दाम बनवून घेतलेल्या त्या गाडीतच झोपायची, जेवायची, पुस्तके ठेवायची सोय होती. दिवसा गावात सभा, रात्री झाडाखाली मुक्काम. व्यापाऱ्याच्या मोठ्या घरात वाढलेल्या मुलाने आपला देश पहिल्यांदा पाहिला तो असा, बैलाच्या चालीने. मोडकळीला आलेले विहार, दारूच्या दुकानांसमोरची गर्दी, शाळा नसलेली गावे. आम्ही समाजकार्य शिकताना क्षेत्रकार्य नावाचा एक विषय असतो. त्याची पुस्तके आम्ही बरीच वाचली; पण तरुणाने घर सोडून आपल्याच लोकांमध्ये हिंडावे, याचे इतके चांगले उदाहरण त्यात नव्हते.

अनुराधपुराच्या रुवनवेलीसायासमोर उभे राहिलो तेव्हा तो पांढराशुभ्र स्तूप पाहून गटातली एक मुलगी म्हणाली की हे सगळे पूर्वीपासून असेच असेल. तसे मुळीच नव्हते. एकोणिसाव्या शतकात इथे झाडाझुडपांनी माखलेल्या विटांच्या टेकड्या होत्या. जेतवन स्तूप मुळात सुमारे ४०० फूट उंच होता आणि जगातल्या सर्वांत उंच वास्तूंमध्ये त्याची गणना होई. त्याच्यावरही रान माजले होते. इंग्रज सरकारने पुरातत्त्व खात्याकडून रान काढायला सुरुवात केली खरी, पण त्याच पवित्र परिसरात सरकारी कचेऱ्या, चर्च, दारूची आणि मांसाची दुकानेही उभी राहिली. याविरुद्ध लढा उभारला तो धम्मपालांचा तरुण शिष्य वलिसिंह हरिश्चंद्र याने. १९०३ मध्ये तिथे दंगल झाली, हरिश्चंद्र यांना अटक झाली, खटला चालला आणि ते निर्दोष सुटले. १९१३ मध्ये, अवघ्या सदतिसाव्या वर्षी ते वारले. पुढे जुन्या अवशेषांच्या बाजूला नवे अनुराधपूर वसवले गेले. आज आपण तिकीट काढून मोकळ्या हवेत फिरतो, मोबाइलवर चित्रफिती काढतो, ती जागा कुणीतरी तुरुंगात जाऊन मोकळी केलेली आहे.

तिथून थोड्याच अंतरावर जय श्री महाबोधी. संघमित्रा थेरींनी बुद्धगयेहून आणलेल्या फांदीचा हा वृक्ष दोन हजारांहून अधिक वर्षे जपला गेला. मूळच्या जागी मात्र काय झाले होते?

जानेवारी १८९१ मध्ये धम्मपाल कोझेन गुणरत्न या जपानी भिक्खूंसह सारनाथ पाहून बुद्धगयेला पोहोचले. वय २६. एडविन अर्नोल्ड यांनी बुद्धगयेच्या दुरवस्थेबद्दल लिहिलेले लेख त्यांनी वाचले होते. महाविहाराची डागडुजी इंग्रज सरकारने केलेली होती, पण ताबा शैव महंताकडे. भिक्खू एकही नाही. बौद्ध जगातले सर्वांत पवित्र ठिकाण, आणि तिथे बौद्ध माणूस पाहुणा. २२ जानेवारीला वज्रासनाला कपाळ टेकवताना त्यांच्या मनात निश्चय झाला की इथे भिक्खू येऊन राहेपर्यंत आपण ही जागा सोडायची नाही. आले होते थोड्या दिवसांसाठी. पैसे संपत आले तरी तिथेच बसून लंका, ब्रह्मदेश, भारत सगळीकडे पत्रे लिहीत राहिले.

३१ मे १८९१ रोजी कोलंबोत महाबोधी सोसायटीची स्थापना झाली. अध्यक्ष हिक्कडुवे सुमंगल थेर. जुलैमध्ये चार भिक्खू बुद्धगयेला पोहोचले. सिंहली भिक्खूंच्या नावाआधी गावाचे नाव लागते. या चौघांची नावे पाहा : दुनुविल चंदजोती, मातले सुमंगल, अनुराधपूर पेमानंद, गॉल सुदस्सन. आमच्या बसच्या वाटेवर मातलेची पाटी आली तेव्हा आम्ही ड्रायव्हरदादांना गाडी थांबवायला लावली. पाहण्यासारखे तिथे बरेच आहे, पण आम्ही फक्त पाटीजवळ उभे राहून फोटो काढला. दादांना काही कळेना.

त्याच ऑक्टोबरमध्ये धम्मपालांनी बुद्धगयेत आंतरराष्ट्रीय बौद्ध परिषद भरवली. उत्साहाच्या भरात बोधिवृक्षाजवळ बौद्ध ध्वजाशेजारी जपानचा ध्वज लागला. तेव्हा बंगालचे लेफ्टनंट गव्हर्नर गया भागात होते. त्यांनी प्रतिनिधींना भेट नाकारली आणि मंदिर महंताचे आहे असे कळवले. एका झेंड्याने केवढे नुकसान केले! आंदोलनात काम करणाऱ्यांनी हा प्रसंग लक्षात ठेवावा. धम्मपालांनी तो लक्षात ठेवला असे दिसते, कारण पुढच्या वर्षी ते कलकत्त्याला गेले, तिथे बसून काम उभे केले आणि मे १८९२ पासून महाबोधी हे मासिक काढले.

१८९३ मध्ये शिकागोच्या सर्वधर्म परिषदेत ते थेरवादी बौद्धांचे प्रतिनिधी म्हणून बोलले. विवेकानंद याच परिषदेत होते आणि आपल्या शाळांच्या पुस्तकांत तेवढेच शिकवले जाते. परतताना होनोलुलू बंदरात जहाजावर मेरी फॉस्टर नावाची बाई भेटायला आली. ती हवाईच्या राजघराण्याशी नाते असलेली, श्रीमंत आणि स्वतःच्या संतापाने हैराण झालेली. धम्मपालांनी तिला राग आवरण्याचा धम्मातला उपाय सांगितला. भेट काही मिनिटांची. पण पुढे जवळजवळ चाळीस वर्षे, १९३० मध्ये मृत्यू होईपर्यंत, तिने त्यांच्या कामाला पैसा दिला. शाळा, दवाखाने, विहार यांच्यात तिचा पैसा आहे. एका बाईचा राग शांत झाला आणि सारनाथ उभे राहिले, असे आम्ही आपसात गमतीने म्हणतो.

मग आला २५ फेब्रुवारी १८९५. जपानहून आलेली सुमारे सातशे वर्षांची बुद्धमूर्ती धम्मपालांनी महाविहाराच्या वरच्या मजल्यावर नेऊन ठेवली. पूजा सुरू करणार तोच महंताची माणसे धावून आली. मेणबत्ती लावू दिली नाही, धक्काबुक्की झाली आणि मूर्ती खाली अंगणात आणून टाकली. धम्मपाल तिथेच ध्यानाला बसले. खटला झाला. गयेच्या मॅजिस्ट्रेटने महंताच्या माणसांना दोषी धरले. कलकत्ता हायकोर्टाने त्यांना सोडले. मूर्ती जवळच्या ब्रह्मी धर्मशाळेत ठेवली, तर तीही तिथून हटवण्यासाठी महंत कोर्टात गेला आणि १९१० पर्यंत बौद्धांना तेही छप्पर सोडावे लागले. एवढी वर्षे, एवढा पैसा, एवढी दगदग, आणि हातात कोर्टाचा कागद.

धम्मपाल हयात असेपर्यंत बुद्धगया मिळाली नाही. १९४९ मध्ये बोधगया मंदिर कायदा झाला. त्यात व्यवस्थापन समितीत चार बौद्ध, चार हिंदू आणि अध्यक्ष जिल्हाधिकारी. जिल्हाधिकारी हिंदू नसेल तर सरकारने दुसरा हिंदू अध्यक्ष नेमायचा, ही अट २०१३ पर्यंत टिकली. १९९२ मध्ये भदंत सुरेई ससाई नागपूरहून हा लढा घेऊन गेले. फेब्रुवारी २०२५ पासून भिक्खू पुन्हा बुद्धगयेत बसले. १८९५ च्या त्या दुपारी वरच्या मजल्यावर सुरू झालेले भांडण अजून मिटलेले नाही.

आता जे लिहायचे ते लिहिताना आमच्यात मतभेद झाले. काहींचे म्हणणे होते, चरित्र लिहिताना हे कशाला. पण महामानवांना देव करून ठेवायचे नाही हे आपण बाबासाहेबांकडून शिकलो. लंकेत परतून धम्मपालांनी १९०६ मध्ये सिंहल बौद्धया हे वृत्तपत्र काढले, मोटारीतून गावोगाव हिंडून दारूबंदी, स्वच्छता, स्वाभिमान शिकवला. त्याच लेखणीने त्यांनी मुस्लिम व्यापाऱ्यांबद्दल, परक्यांबद्दल विखारीही लिहिले. सिंहलींना आर्य वंशाचे म्हणून गौरवले. १९१५ मध्ये सिंहली-मुस्लिम दंगल झाली. ते स्वतः तेव्हा कलकत्त्यात होते. इंग्रजांनी निर्घृण दडपशाही केली, त्यांना काही वर्षे तिथेच अडकवून ठेवले आणि त्यांचे भाऊ एडमंड जाफनाच्या तुरुंगात विषमज्वराने वारले. हे दुःख खरे आहे. पण पुढे १९८३ ते २००९ च्या यादवीच्या काळात आणि नंतरही ज्यांनी बुद्धाच्या नावाने तमिळ आणि मुस्लिमांवर राग काढला, त्यांनी धम्मपालांचे नाव घेतले, हेही खरे आहे.

श्रीपादच्या वाटेवर हा प्रश्न आमच्या डोळ्यांसमोर आला. हट्टनकडून साडेपाच हजारांच्या आसपास पायऱ्या, शिखर २२४३ मीटर. बौद्ध तिथे बुद्धाचे पाऊल मानतात, हिंदू शिवाचे, मुस्लिम आणि ख्रिस्ती आदमचे, आणि सगळे एकाच जिन्याने चढतात. रात्री दोनला निघालो, पहाटे वर पोहोचलो, थंडीने दात वाजत होते. उतरताना उजाडले आणि चहाच्या मळ्यांतल्या वस्त्या दिसल्या. ज्या डोंगरवाटा आज ट्रेकिंगच्या नकाशावर येतात, त्यांतल्या कितीतरी मळ्याच्या मजुरांच्या कामाच्या वाटा आहेत. हे मजूर तमिळ, इंग्रजांनी दक्षिण भारतातून आणलेले, त्यांत दलित जाती मोठ्या संख्येने. १९४८ च्या कायद्याने त्यांना नागरिकत्वही नाकारले. ओळीने बांधलेल्या त्या एकखणी खोल्यांसमोर आमच्यापैकी कुणीच फोटो काढला नाही. आमच्या आजोबांच्या चाळी अशाच होत्या.

धम्मपालांना हे लोक दिसले का? त्यांच्या कामात ते फारसे दिसत नाहीत. जातीची गाठ संघालाही होती. १७५३ मध्ये सुरू झालेल्या सियाम निकायात फक्त गोविगम जातीला उपसंपदा मिळे, म्हणून इतरांना ब्रह्मदेशात जाऊन अमरपूर निकाय आणावा लागला. १८९८ मध्ये मद्रासकडचे पंडित अयोती दास, पारया समाजातले, ऑलकॉट यांच्या मदतीने कोलंबोला गेले आणि सुमंगल थेरांकडून बौद्ध झाले. दार उघडे होते. पण महाबोधी सोसायटी भारतात वाढली ती मुख्यत्वे कलकत्त्याच्या भद्रलोकांमध्ये. स्वातंत्र्याच्या वेळी तिचे अध्यक्ष श्यामाप्रसाद मुखर्जी होते! बाबासाहेबांनी १९५० मध्ये याच सोसायटीच्या मासिकात बुद्ध धम्माच्या भवितव्यावर लेख लिहिला, त्याच वर्षी कँडीच्या बौद्ध परिषदेला गेले, आणि सहा वर्षांनी दीक्षेचा मार्ग मात्र स्वतःचा निवडला, बावीस प्रतिज्ञांसह. अनुराधपूरला जो माणूस धम्माचा वारसा वाटत होता, तो नागपूरला माणूसपणाचा हक्क झाला. आमच्या मते धम्मपालांचे अपुरे राहिलेले काम दीक्षाभूमीवर पुढे गेले, पण ते त्यांच्या चौकटीतून नव्हे.

बुद्धगया हाती येत नाही हे दिसल्यावर धम्मपालांनी सारनाथ धरले. ओसाड पडलेल्या त्या जागी जमीन घेतली, मुलांसाठी शाळा सुरू केली. १९२० मध्ये कलकत्त्याला धर्मराजिक विहार झाला. म्हातारपणी, आजारी शरीराने ते लंडनला गेले आणि १९२६ मध्ये तिथे महाबोधी सोसायटीची शाखा काढली. घराला नाव दिले फॉस्टर हाउस. जुलै १९३१ मध्ये सारनाथला त्यांनी प्रव्रज्या घेतली. चाळीसहून अधिक वर्षे ते ना गृहस्थ होते ना भिक्खू. अनागारिक हा शब्दच त्यांनी त्यासाठी वापरात आणला होता. ११ नोव्हेंबर १९३१ रोजी मूलगंधकुटी विहाराचे उद्‌घाटन झाले. त्याच सुमारास अनुराधपूरच्या बोधिवृक्षाचे रोप सारनाथला लावले गेले. संघमित्रा थेरींनी नेलेली फांदी बावीसशे वर्षांनी परत आली.

जानेवारी १९३३ मध्ये उपसंपदा झाली. २९ एप्रिलला, ६८ व्या वर्षी, सारनाथलाच त्यांनी शेवटचा श्वास घेतला. आपला पुन्हा पुन्हा, पंचवीस वेळा, भारतात जन्म व्हावा आणि धम्माचे काम करता यावे, अशी इच्छा त्यांनी शेवटच्या दिवसांत बोलून दाखवली होती. पुनर्जन्मावर आमच्या गटात कुणाचा विश्वास नाही. तरी परतीच्या विमानात हे वाचून दाखवले तेव्हा काही वेळ कुणी बोलले नाही.

कोलंबोत शेवटच्या दिवशी आम्ही मालिगाकंदला गेलो. पेटा बाजारातून रिक्षा केल्या. सहलीच्या पत्रकात ही जागा नव्हती, पण विमानाला सहा तास होते. तिथल्या भिक्खूंनी आम्ही कुठले ते विचारले. नागपूर म्हणताच त्यांनी दीक्षाभूमीचे नाव घेतले आणि चहा मागवला. पुढच्या वर्षी जाणार असाल तर अर्धा दिवस तिथे राखून ठेवा.